कमरेचा गोफ

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळा पाडा म्हणतो, आणि ते खरंच आहे. कुणाचंही उणं तोंडावर काढते. पण ही एक गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितली नाही. विषय निघाला की उठून चुलीकडे जाते, नाहीतर विचारणाऱ्यावरच खेकसते. त्यात माझी लाज आहे. आणि लाजेपेक्षा जास्त भीती आहे, जी अजून गेलेली नाही.

मी गोफ विणते. माझं माहेर कैनाडचं, तिथं आम्ही बहिणी चिकूच्या वाड्यांत कामाला जायचो, दोऱ्याशी काही संबंध नव्हता. लग्न होऊन तलासरीच्या आतल्या अंगाला या पाड्यात आले आणि थोरल्या जावेकडून शिकले. तिला मी ताई म्हणते. आमची घरं एकाला एक लागून आहेत. रंगीत सुताचे आठ दोरे वर खिळ्याला बांधायचे, चार डाव्या हातात, चार उजव्या. सगळ्यात बाहेरचा दोरा मागून फिरवून समोरच्या चारांच्या मधून पुढे काढायचा आणि परत आपल्या बाजूला आणायचा. मग दुसऱ्या बाजूचा तसाच. एवढंच. पण एक दोरा चुकला की गोलाई गेली, गोफ चपटा पडतो. म्हणून विणताना मी कुणाशी बोलत नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काय ते पाड्याला विचारा.

डहाणूच्या बाजारातला एक दुकानदार हे गोफ घेतो. मला 'बेन' म्हणतो आणि रंगांवरून घासाघीस करतो. राखीच्या आधी त्याला बारीक लागतात, दिवाळीच्या आधी बैलांच्या गळ्यातले जाड. लहान पोरांच्या कमरेचे करगोटे मात्र बारा महिने जातात. करगोट्याला आमच्याकडे एकच गाठ असते, सरकती. पोर वाढतं, पोट सुटतं, तशी गाठ मागे सारून सैल करायची. आणि शेपूट ओढलं की आवळते. शेपूट असतं चार बोटांचं, त्याला गोंडा, ते कोण ओढणार? पोराच्या कमरेला दुसरी कुठली गाठ मारायचं आमच्या हातांना सुचतही नाही.

तर धरणीकंप. डहाणू-तलासरीत आता शेंबड्या पोरालाही कळतं की आधी जमिनीखालून आवाज येतो. खाणीत सुरुंग उडावा तसा, एकच. मग भांडी वाजतात. आणि मग घर. पहिल्या वेळी हे काही ठाऊक नव्हतं. दुपार होती. नवरा उंबरगावच्या बाजूला कारखान्यात पाळीवर गेलेला. बाय, म्हणजे माझी मुलगी, तेव्हा साडेतीन वर्षांची, खाऊन आत खाटेवर झोपली होती. मी दाराशी बसून राखीचे गोफ विणत होते. आवाज झाला, मांडणीवरचे डबे नाचायला लागले, डोक्यावरचा स्लॅब कुरकुरला. मी उठले आणि बाहेर अंगणात पळाले. पाडाच्या पाडा बाहेर होता, कुणी ओरडत होतं, कुत्री एका सुरात रडत होती.

ताई माझ्याजवळ आली आणि माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "बाय कुठंय?"

मी खाली बघितलं. माझ्या हातात गोफ होता. अर्धा विणलेला, आठही दोरे बोटांत वेगवेगळे धरलेले, गुंतू नयेत म्हणून हात पुढे करून. खिळ्यावरून मी तो नीट उचलून आणला होता. सुताची गुंडाळीसुद्धा काखेत होती. पोर आत होती.

ती काही झालंच नाही अशी झोपून होती. जमीन तोवर थांबली होती. मी आत जाऊन तिला उचललं तर कुरबुरली, झोप मोडली म्हणून. भिंतीला कोपऱ्यातून वर एक चीर गेली होती, करंगळी जाईल एवढी. बाहेर कुणीतरी म्हणालंच, "गोफ वाचला ग बाई." सगळे हसले. भ्यालेली माणसं कशालाही हसतात. मीसुद्धा हसले, आणि घरामागे जाऊन ओकले.

त्यानंतर ते धक्के थांबेनात. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका दिवसात तीन. गंजाडकडच्या माझ्या मावसबहिणीचा फोन यायचा, तुमच्याकडे जास्त झाला की आमच्याकडे, हीच बोलणी. शाळा झाडाखाली भरायला लागली. सरकारी ताडपत्र्या आल्या. पाड्यातले ज्यांचं जुनं कुडाचं घर अजून उभं होतं ते तिकडे परत राहायला गेले, कारण कारवीचा कूड अंगावर पडला तर खरचटेल, जीव जाणार नाही. आम्ही मात्र शहाणे. घरकुल मंजूर झालं तेव्हा कूड मोडून त्याच जागी विटांचं बांधलं, वर स्लॅब टाकला आणि पेढे वाटले. आता त्याच स्लॅबकडे मी दिवसभर मान वर करून बघायची. दळताना, भाकरी थापताना, पोरीला न्हाऊ घालताना. पावसाळा तोंडावर आला होता, अंगणात किती दिवस काढणार?

स्लॅबची भीती होतीच. पण खरं सांगते, मला माझीच भीती वाटायची. पुन्हा आवाज झाला आणि मी पुन्हा तिला विसरले तर? पहिल्या वेळी मी विचार करून गोफ उचलला नव्हता. पायांनी पळवलं, हातांनी जे रोजचं होतं ते धरलं. मग दुसऱ्या वेळी हात काय धरतील याची खात्री कोण देणार? आई असं करते का? मी करून बसले होते. कोणाशी बोलायची सोय नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "झालं ना, संपलं आता." संपलं म्हणे.

तेव्हा मी ठरवलं की तिला बांधायची. डोकं फिरलं होतं म्हणा. मी चांगला जाड गोफ विणला, लाल आणि हिरवा, आठ पदरी, बैलाच्या गळ्यातला असतो तसा. सहा हात लांब. एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या. आता मी पळाले की ती येणारच, मला आठवो न आठवो. विणताना एकदाही चुकले नाही. इतका सुरेख गोफ मी आधी विणला नव्हता आणि मनातून मला त्याचा आनंदही झाला. बायला तर फारच आवडला. "माझं शेपूट," म्हणत ती घरभर नाचली. घरात असताना, मी विणायला किंवा निवडायला बसले की, तिला तो बांधायचा. तिला सहा हातांत खेळायला भरपूर जागा होती.

पाड्यात चेष्टा झाली. "बकरी बांधल्येस काय?" म्हणून एक म्हातारा रोज विचारायचा. मी त्याला सांगितलं, "तुम्हाला पण एक विणून देते, गळ्यातला." नवरा सुट्टीच्या दिवशी दोर बघून म्हणाला, "पोरीला असं बांधून ठेवतात?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो जेवता जेवता उठला. ताई तेवढी शांतपणे बोलली. ती म्हणाली, "बांधू नको तिला. पळायला शिकव. माझ्या पोरांना मी शिकवलंय, आवाज झाला की आंब्याकडे." मी म्हटलं, "ती साडेतीन वर्षांची आहे ताई." ताई म्हणाली, "पाय आहेत ना तिला." मी ऐकलं नाही. ताई माझ्या नकळत तिला शिकवत होती, हे मला नंतर कळलं.

तो दिवस पावसाचा होता. भिजायला नको म्हणून मी दाराच्या आत बसले होते, सुपात तांदूळ निवडत. बाय खाटेखाली भातुकली मांडून बसली होती. लोखंडी खाट, वर आमची भाताची चार पोती. ती खाटेच्या एका पायाकडून खाली शिरली होती आणि त्या पायाला गोफाचा वळसा घालून दुसरीकडे बसली होती. मी ते बघितलं होतं. डोक्यात काही आलं नाही.

आवाज झाला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, अगदी पायाखाली. मी सूप टाकलं आणि दाराकडे झेप घेतली. उंबऱ्यावर मला मागून हिसका बसला. गोफ ताणला होता. मी वळले नाही. ती घाबरून आत अडून बसली असेल, ओढली की येईल, एवढंच सुचलं. दोन्ही हातांनी गोफ धरला आणि विहिरीचा पोहरा ओढावा तसा ओढला. ती किंचाळली. मला वाटलं स्लॅब पडला तिच्यावर. मी आणखी जोरात ओढलं. पाय उंबऱ्याला लावून ओढलं. आतून किंचाळणंही थांबलं, नुसता घशातला आवाज यायला लागला, आणि मी ओढतच होते.

कुणीतरी मला ढकलून आत गेलं. ताई होती. हातात विळा. खाटेच्या पायाशी तिने गोफ कापला, एका झटक्यात नाही कापला गेला, दोनतीनदा घासावा लागला, एवढा तो चांगला विणला होता. मी मागे अंगणातल्या चिखलात पडले. ताई तिला काखेत मारून बाहेर आली आणि खाली ठेवून तिच्या कमरेच्या गाठीत नख खुपसायला लागली. गाठ सरकती होती. मी तिथंही करगोट्याचीच गाठ मारली होती. शेपूट मी ओढत होते आणि ती आवळत होती. ताईने ती मागे सारली तेव्हा बायने श्वास घेतला, एवढा मोठा की मला तो अजून ऐकू येतो.

घराला काही झालं नव्हतं. कोपऱ्यातली चीरही वाढली नव्हती. तिच्या पोटाला मात्र सगळीकडून वळ उठला होता, जांभळा, आणि त्या वळावर गोफाची वीण उमटली होती. प्रत्येक पदर मोजता आला असता. धरणीकंपाने तिला बोटही लावलं नव्हतं. मी हळद लावायला गेले तर ती ताईच्या मागे लपली. हळद ताईने लावली. नवरा आला, त्याने पोट बघितलं आणि गोफाचे दोन्ही तुकडे चुलीत घातले. सूत जळताना वास आला. मी बघत बसले.

वळ दहा-बारा दिवसांत गेला. ती खेळायला लागली, जेवायला लागली, माझ्याकडे झोपायलाही लागली. मी मनाला म्हटलं, पोरं विसरतात. मला तसं म्हणायची गरज होती.

मग एका सकाळी मी बोअरिंगवर पाण्याला गेले होते. बाय घरात होती, ताई शेजारी तिच्या घरात. कळशी अर्धी भरली आणि आवाज आला. हँडल सोडलं आणि पळाले. बोअरिंगपासून घर दिसत नाही, मध्ये चढ आहे. तो चढ मी कशी चढले मला माहीत नाही. तोंडातून नुसतं बाय, बाय. माझ्या डोळ्यांसमोर तो स्लॅब पडलेला होता, खाली ती होती, मला दिसतच होतं.

वर आले तर घर उभं होतं. अंगणात पलीकडे, आंब्याच्या जवळ, ती उभी होती. एकटी. ताई तिच्या दारातून तेव्हा कुठे बाहेर येत होती. सगळ्यांच्या आधी बाय बाहेर आली होती, स्वतःच्या पायांनी. अंगात फ्रॉक, पाय अनवाणी, केस विंचरायचे राहिलेले. मी हात पसरून तिच्याकडे धावले.

ती मागे सरकली. तिने दोन्ही हातांनी स्वतःची कमर धरली होती, फ्रॉक मुठीत घट्ट आवळून. माझ्याकडे बघत म्हणाली, "बांधू नको. मी आले ना बाहेर."

ती थरथरत होती. जमीन केव्हाच थांबली होती. ती मला भीत होती. मी जिथे होते तिथेच चिखलात खाली बसले आणि दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले, तिला दिसतील असे. ती बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली.