उलटी दाढी

आमच्या घरात दाढीचं सामान कधी नव्हतंच. नेसरीजवळच्या वाडीत वडील पंधरवड्यातनं एकदा न्हाव्यापुढं बसायचे, की झालं. घरातला पहिला बी.ए. मी, आणि पहिलं रेझरही माझंच. त्याचा तोरा एवढा, की मंगळवार पेठेत ज्या चाचांच्या केशकर्तनालयावर माझी खोली होती, त्यांना मी दाढीला कधी हात लावू दिला नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात वारणानगरकडच्या एका हायस्कुलात मास्तरकीची मुलाखत आली. ही नोकरी गेली तर परत औत धरायचं, हे ठरलेलं. आदल्या दिवशी साहेबासारखं गुळगुळीत दिसायचं म्हणून कोरड्या गालाला धुण्याचा साबण फासला, जुन्याच ब्लेडनं दोनदा उलटी दाढी केली आणि वर तुरटी खसाखसा घासली. तासाभरात मानेवर चटणी चोळल्यागत आग. कॉलर टेकवेना. मुकाट खाली उतरलो.

चाचांनी माझी हनुवटी वर धरली. "बी.ए.ला हे शिकवत न्हाईत व्हय? कोंबडं तरी असं सोलतंय का कोण?"

"चाचा, उद्या मुलाखत हाय."

"मग आता गप बस."

गार पाण्यात पिळलेलं फडकं त्यांनी मानेवर ठेवलं. मग दारातल्या डब्यातली कोरफड चिरून तिचा गर लावला. हात चालू, तोंडही चालू. आधी कोमट पाण्यानं केस मऊ कर. ब्लेड नवं घे. केस वळतात तिकडंच, हलक्या हातानं फिरव. तुरटी बारीकशा कापल्याला, सोललेल्या कातड्याला न्हाय.

"आन् उद्या दाढी करायची न्हाय."

"खुंट घेऊन जाऊ?"

"खुंट चालंल. रगताची कॉलर चालंल व्हय?"

सकाळी आग निवली होती, पण हाताला खुंट लागत होते. रेझर उचललं, जरा वेळ धरलं, आणि खाली ठेवलं.

हेडमास्तरांनी चष्म्यावरनं बघितलं. "मास्तर व्हायचंय, आणि दाढी केली नाही?"

खोटं सुचेना. "काल दाढी उलटी केली, सर. मान सोलली. आज केली असती तर रक्त आलं असतं."

मुलाखत घेणारे बाकीचे दोघं हसले. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. मग अर्धा तास व्याकरण विचारलं आणि म्हणाले, "सोमवारी हजर व्हा. दाढी करून."

चाचांना सांगितलं तर ते गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न थांबवता म्हणाले, "त्येची बी कवातरी सोललेली असणार की."