तार शाबूत हाय

चेकिंगवाल्या मावशी डोळे मिटून काम करायच्या. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनतात. मावशी एकेक वायर बोटांतून सरकवायच्या आणि आवरणाला जिथे नखाएवढी चीर असेल तिथे बरोबर थांबायच्या. रहाटणीहून कंपनीच्या बसने मी नवी नवी जायला लागले, तेव्हा त्यांनी मलाही डोळे मिटायला लावले. महिनाभर मला काही सापडलं नाही आणि मावशींनी माझी यथेच्छ टिंगल केली.

खराब माल लाल पेटीत जायचा. तो टाकण्याआधी मावशी सुपरवायझरशी भांडायच्या. आतलं तांबं शाबूत असेल तर वर नवं आवरण चढवा, भंगारात कशाला, हा रोजचा वाद. बहुतेक वेळा त्याच जिंकायच्या.

एकदा जुलाबाच्या दुखण्यातून उठून आल्या आणि बोटांना मुंग्या येतात म्हणाल्या. त्यांना वाटलं, टेबलात करंट उतरलाय. लाइन बंद करून त्यांनी सगळं अर्थिंग तपासायला लावलं. टेबल ठणठणीत निघालं. दोन दिवसांत मावशींना पाय उचलवेना.

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. जुलाबाच्या जंतूंशी लढायला शरीराने अँटिबॉडी तयार केल्या, पण त्यांची गफलत झाली आणि त्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरणच कुरतडायला लागल्या. म्हणून मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नव्हता. औषधांनी हल्ला थांबेल, आवरण हळूहळू पुन्हा चढेल, असं ते म्हणाले. लातूरकडच्या मावशींनी एवढंच विचारलं, "आतली तार शाबूत हाय ना?" डॉक्टर म्हणाले, बहुतेक आहे.

सहा महिन्यांनी त्या काठी टेकत आल्या, तर कंपनीच्या साहेबांनी राजीनाम्याचा कागद पुढे केला. बोटांना काही कळत नाही, चेकिंग कसं करणार? मला संताप आला, पण मी तोंड उघडलं नाही. त्याची आजही लाज वाटते. मावशींनी दहा वायरी मागितल्या. पहिली बोटांतून सरकवली, काहीच कळलं नाही. मग डोळे मिटून तीच वायर खालच्या ओठावरून ओढली आणि मध्येच थांबल्या. तिथे चीर होती. दहातल्या तीन खराब त्यांनी बाजूला काढल्या आणि कागद परत सरकवला.

"साहेब, बसायला खुर्ची तेवढी लागंल."

खुर्ची मिळाली. गेल्या वर्षी मावशी गावी परतल्या, तेव्हापासून त्या खुर्चीवर मी बसते. परवा अपघातातून उठून आलेल्या एका मुलीपुढे साहेबांनी तसाच कागद ठेवला. तो मी उचलून घेतला आणि त्यांना विचारलं, "तार शाबूत हाय ना?"