पहिलं उत्तर

खाप्याच्या एसटी स्टँडवर आम्ही तिघं उभे होतो. माझ्या हातात पत्र्याची पेटी, मायच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि बाबांच्या हातात काहीच नाही. विणकराचे हात रिकामे असले की ते ठेवावेत कुठे हे त्याला कळत नाही. वडाच्या वळणावर धुरळा उठला, बस वळली, आणि बाबा म्हणाले, "नागपूरच हाये. मागून दुसऱ्या खिडकीपाशी जागा दिसते. पेटी घेऊन सरळ मागं जाय." मला त्या धुळीत बसचा रंगही धड दिसत नव्हता. आत चढलो तर मागून दुसऱ्या खिडकीपाशी जागा होती.

हे सगळं मी लिहितो आहे ते त्या डोळ्यांविषयी. ते आता नाहीत, म्हणजे बाबा आहेत, नजर गेली. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत गेली.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी काही जण समुद्र ओलांडून गेले. तुमच्या आठवणींत विमानतळ असतात, बर्फ असतो. मी गेलो खाप्याहून नागपूरला. दीड-दोन तासांचा रस्ता, तोही बस सावनेरला रेंगाळली तर. याला स्थलांतर म्हणायचं की नाही यावर तुम्ही हसाल, आणि हसा. पण लांब गेलेल्याला निदान सबब असते. माझ्याकडे तीही नव्हती. शनिवारी संध्याकाळी निघालो असतो तर रात्रीचं जेवण घरी झालं असतं. मी महिन्याकाठी एकदा जात होतो, पुढे दोन महिन्यांनी, पुढे सणाला.

आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत हातमाग आणि उरलेल्या जागेत आम्ही. बाबा काठाची लुगडी विणायचे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवायचा, हजार धाग्यांत नेमका तुटलेला शोधायचा, आणि चिमटीत धरून असा सांधायचा की गाठ दिसू नये. बाबांचा हात त्यात नावाजलेला होता. माय धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. मला मागावर बसू दिलं नाही. "हे आमच्यापुरतं बस हाये," बाबा म्हणायचे. "तू मान वर करून काम कर."

मान वर करून करायचं काम मला मिळालं ते नागपुरातल्या सदर भागात, एका मोठ्या कंपनीच्या हापिसात. आधी साधा कारकून. मग कंपनीनं कॉम्प्युटर घेतला आणि काही कारकुनांना परीक्षा घेऊन 'सिस्टिम'मध्ये टाकलं. मी सिस्टिम अ‍ॅनालिस्ट झालो. खाप्यात बातमी गेली की विणकराचा मधू मशीनवर बसला. खरं म्हणजे त्या मशीनला मी कधी हात लावला नाही. ती मागच्या थंडगार खोलीत होती, बाहेर चपला काढून आत जायचं, आणि आम्हाला आत काम नसायचं. आमचं काम बाहेर. एकेका सेक्शनमध्ये जायचं, माणसाशेजारी स्टूल ओढून बसायचं आणि विचारायचं: हा कागद कुठून आला? तुम्ही त्याचं काय करता? मग तो कुठे जातो? नाही आला तर? हे सगळं फ्लोचार्टमध्ये उतरवायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांच्या हवाली करायचं.

या कामाला मान नाही. प्रोग्रॅमवाले म्हणायचे, हे नुसते गप्पा मारून येतात. अकाउंट्सवाले म्हणायचे, याला नावे-जमा कळत नाही. युनियनवाले मला पाहिलं की बोलणं थांबवायचे, कारण माझ्या मागून मशीन येणार आणि मशीनमागून आपल्या खुर्च्या जाणार अशी त्यांची भीती होती. ती अगदीच खोटीही नव्हती. चहा आला की सगळ्यांना मिळायचा, माझ्या स्टुलापाशी पोऱ्या अडखळायचा. बढतीची वेळ आली तेव्हा वरच्या एका साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्ही प्रोग्रॅम लिहीत नाही, हिशेब करत नाही. मग करता काय?" मी म्हणालो, "विचारतो." ते हसले. बढती दुसऱ्याला मिळाली.

पण आमच्या सेक्शनच्या साहेबांनी मला एक गोष्ट शिकवली होती आणि तिच्या जोरावर मी टिकलो. ते म्हणायचे, पहिलं उत्तर लिहून घ्यायचं नाही. माणूस पहिल्यांदा सांगतो ते नियमात असलेलं काम. तो खरोखर काय करतो ते शेजारी बसून बघावं लागतं. मी त्यात तरबेज झालो. बिलांच्या सेक्शनमध्ये डोंगरे म्हणून एक जुने बाबू होते. ते म्हणाले, प्रत्येक बिल मी तपासतो. मी तीन-चार दिवस त्यांच्या शेजारी बसलो. ते कंपनीच्या फक्त ठरावीक डेपोंची बिलं तपासायचे, बाकीच्यांवर न बघता शिक्का. ते मी मीटिंगमध्ये फ्लोचार्टसकट मांडलं. साहेबांनी पाठ थोपटली. डोंगरे सगळ्यांसमोर खाली बघत बसले. बाहेर आल्यावर ते मला शांतपणे म्हणाले, "लई बारीक नजर हाये जी तुमची. घरी बी असेच पाहता का जी?" मला वाटलं, हरलेला माणूस टोमणा मारतो. तो मी हसण्यावारी नेला.

घरी मी काय पाहत होतो ते सांगतो. एकदा गेलो तर मागावर लुगडं नव्हतं, साधे पांढरे पंचे होते. बिनकाठाचे, एका रंगाचे. मी विचारलं, "लुगडी काहून बंद केली, बाबा?" खाप्यात पाय ठेवला की माझी जीभ आपोआप घरची होते. ते म्हणाले, "लुगड्याले आता गिऱ्हाईक कुठं हाये गा? सगळ्याइले ते नायलॉन पाहिजे." उत्तर चोख होतं. बाजारात खरंच तसं चाललं होतं. मी मान डोलावली आणि जेवायला बसलो.

दुसरं, माय आता बाबा विणत असताना मागाला लागून बसायची. कांड्या भरायच्या सोडून नुसती कापडाकडे बघत. धागा तुटला की 'थांबा' म्हणायची आणि स्वतः सांधायची. बाबा हात मांडीवर ठेवून वाट पाहायचे. मला ते दृश्य फार गोड वाटलं. म्हातारपणी नवरा-बायकोला एकमेकांची सोबत लागते, असं काहीतरी मी नागपुरात परतल्यावर खोलीतल्या मित्राला सांगितलंही. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझा तर धंदाच दिव्याचा होता.

त्या वर्षी दसऱ्याला गेलो. दसऱ्याला आमच्याकडे मागाची पूजा असते. धोटा, फणी, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. आळीतली चार माणसं पुढच्या खोलीत बसलेली. बाबा मला म्हणाले, "तुहं हत्यार बी आण. ते बी ठेव पूजेत." मी काय आणणार? मशीन माझी नव्हती. माझ्या पिशवीत फ्लोचार्ट काढायची प्लॅस्टिकची पट्टी होती, शाळकरी पोरांच्या कंपासात असते तशी, वेगवेगळ्या आकारांची भोकं पाडलेली. ती दिली. एक शेजारी म्हणाला, "एवढ्याशानं पगार देतेत का गा?" आणि सगळे हसले. माझे कान तापले. एवढं शिकून, एवढं शहरात राहून, बापाच्या धोट्याशेजारी ठेवायला माझ्याकडे हे खेळणं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि एकेका भोकावरून बोट फिरवलं. "हा गोल. हा चौकोन. हे काय, शंकरपाळ्यासारखं?"

"तिथं प्रश्न असतो," मी म्हणालो. "हो की नाही ते विचारायचं."

"टोकं चांगली हायेत," ते म्हणाले. पट्टी त्यांनी धोट्याशेजारी ठेवली आणि तिच्यावर कुंकू वाहिलं. कुंकू निम्मं पाटावर पडलं.

मी हे सगळं पाहिलं. बोट पाहिलं, कुंकू पाहिलं. पण मी त्या वेळी माझ्या लाजेत इतका गुंतलो होतो की शेजारी काय म्हणाला यापलीकडे माझं डोकं गेलं नाही. पट्टी शाळकरी पोराला शोभेल अशी का, साहेबासारखं काही आपल्याकडे का नाही, एवढंच. आधीची ती लाज खोटी होती. खरी लाज वर्षभरानं आली.

पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी मी सीमोल्लंघन करून घरी आलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी न बोलता पुढे झालो आणि आपट्याची पानं त्यांच्यासमोर धरली. दरवर्षी ते हात पुढे करतात, सोनं घेतात आणि डोक्यावर हात ठेवतात. या वेळी ते रस्त्याकडे बघत बसून राहिले. मी तसाच उभा. वाटलं, रागावलेत, मी सहा महिने फिरकलो नव्हतो. शेवटी म्हणालो, "बाबा, सोनं." त्यांचा चेहरा एकदम उजळला, हात पुढे आला, आणि माझ्या हाताच्या वीतभर बाजूला हवेत थांबला.

तेव्हा सगळे चौकोन जोडले गेले. पंचे, मायचं 'थांबा', बोट, कुंकू. हापिसात मी तीन-चार दिवसांत काढायचो तो फ्लोचार्ट मला इथे पुरा करायला दोन वर्षं लागली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्यांना नागपूरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाला. आधी आणलं असतं तर उरलेली तरी राखता आली असती. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुम्ही कुठे असता?" मी म्हणालो, "इथेच. सदरला." त्यानं पुढे काही विचारलं नाही. चांगला माणूस असावा.

बाहेर बाकावर मी बाबांना म्हणालो, "मले काहून सांगतलं नाई?" माझा आवाज चढला होता. चूक आपली असली की आवाज आपोआप चढतो. माय म्हणाली, "तुहं हे मशीनचं काम नवं. साहेबापुढं रजा मागशीन कसा, म्हणून यायनं मले शपथ घातली होती." बाबा अगदी सहज, रागाचा लवलेश नसताना म्हणाले, "तू इचारलं असतं तं सांगतलं असतं गा."

मी विचारलं होतं, असं मला म्हणायचं होतं. लुगडी का बंद केली, ते विचारलं होतं की. पण एकदा विचारलं, पहिलं उत्तर आलं, लिहून घेतलं, वही मिटली. डोंगरे बाबूंच्या शिक्क्यात आणि माझ्या मान डोलावण्यात काय फरक होता? त्यांनी निदान काही डेपोंची बिलं तरी तपासली होती.

पुढच्या आठवड्यात मी बिलांच्या सेक्शनला गेलो आणि डोंगरे बाबूंना सांगितलं, बाबांचे डोळे गेले. त्यांना तो टोमणा आठवत होता की नाही, कोण जाणे. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. स्टूल नाही, खुर्ची.

आता दोघं माझ्यापाशीच असतात, दोन खोल्यांत. माग खाप्यालाच आहे, झाकून ठेवलेला. संध्याकाळी मी आलो की बाबा विचारतात, "आज कोणाले का इचारलं गा?" मी सांगतो. कोण खरं बोललं, कोणी टाळलं, कोणाला तीनदा विचारावं लागलं. त्यांना मजा वाटते. खाप्याला गेले की आळीत ते आता सांगतात की माझा पोरगा मशीनवर नाही, तो लोकाइले इचारते. असं अभिमानानं सांगतात. तो अभिमान ऐकताना मला मान वर करता येत नाही, आणि मान वर करण्यासाठीच तर मला मागावरून उठवलं होतं.

जे गेले आणि जे राहिले, त्या सगळ्यांना मला इतकंच विचारायचं आहे, की घरून 'बरं हाये' असं आलं तर तुम्ही काय करता? मी अजून शिकलो नाही. माय विचारते, "हापिसात बरं हाये न?" आणि मी म्हणतो, बरं आहे. तीही दुसरा प्रश्न विचारत नाही. पूर्वी मला घर म्हणजे खाप्याची पुढची खोली वाटायची. आता वाटतं, जिथे एकमेकांचं पहिलं उत्तर आपण जाणूनबुजून चालवून घेतो, ते घर. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही.

परवा दसऱ्याची पूजा करून आम्ही खाप्याहून परत निघालो. पट्टी अजून पूजेत असते, तिच्यावरचं कुंकू मी पुसत नाही. बाबांना खिडकीशी बसवलं होतं. बस स्टँडवरून सुटली, वळणाला कलली, आणि बाबा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तू उगाच जीवाले लावून घेते. थोडं थोडं दिसते गा मले आता. तो पाह, आपला वड मागं गेला."

रस्ता रुंद करताना तो वड तोडला, त्याला बराच काळ झाला. तिथे आता पंक्चरचं दुकान आहे.

"हो बाबा," मी म्हणालो, "चांगला मोठा झाला आता." आणि तोंड फिरवलं, त्यांना ते दिसणार नाही हे माहीत असूनही.