गोड जिभेचे हेमकांतकाका

गावात सोयरीक जुळवायची झाली की हेमकांत पाटलांना बोलावणं जाई. माणूस गोड. इतका गोड, की गावातल्या भिकुबाईचे त्यांना नुसतं पाहूनच दात दुखत. उभ्या जन्मात त्यांनी कोणाला दुखावलं नव्हतं आणि ते कोणाच्या उपयोगीही पडले नव्हते.

भिकुबाईची मुलगी काजल इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ती एकदा सहज म्हणाली, "काका, तुमच्यासाठी इंग्रजीत शब्द आहे. पॉलिटिक. कुठे काय बोलावं, कुठे गप्प बसावं हे ज्याला नेमकं कळतं, त्या शहाण्या माणसाला म्हणतात." झालं. काकांनी तो शब्द उपरण्यासारखा खांद्यावर टाकला नि बसस्टँडपर्यंत मिरवला.

काजलसाठी तळोद्याचं स्थळ त्यांनीच आणलं. मुलगा, भाग्येश, पाहून गेला. रीत अशी, की ठरेपर्यंत दोन घरांनी आपसात बोलायचं नाही. निरोप मध्यस्थाच्या तोंडून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका येत, भरीत-भाकरी चेपत.

"भाऊ, हा का नही, एक शबद सांगा," भिकुबाई म्हणे.

"वहिनी, त्यासना इचार चाली ऱ्हायना. धीर धरा." विचार चालू आहे, दर वेळी एवढंच.

तो धीर धरला म्हणून दोंडाईच्याचं चांगलं स्थळ वाट पाहून दुसरीकडे वळलं.

एका सोमवारी प्रकाशा गावी, केदारेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर, भाग्येशची आईच समोर आली. भिकुबाईने देवाला हात जोडले, रीत बाजूला ठेवली नि सरळ विचारलं. ती बाई ओशाळली. "पोऱ्यानी त दिवाळीमाच 'नही' सांगं. हेमकांत भाऊले तवयच सांगेल व्हतं. त्यासनी तुमले सांगं नही का?"

घरी काकांना धरलं.

"'नही' कसं सांगानं, वहिनी? तुमले वाईट वाटतं. अन त्या बी मन्हा सोयराच."

काजल आतून म्हणाली, "काका, तो शब्द मी परत घेतला. त्याला अक्कलही लागते."

पुढे वैशाखात काजलचं लग्न झालं, शिरपूरच्या घराशी, थेट बोलून ठरवलेलं. मांडवात मानाचे टॉवेल-टोपी निघाले. काका पुढच्याच खुर्चीवर, डोकं पुसून तयार. भिकुबाई ताट घेऊन त्यांच्यापाशी आली, थांबली.

"वहिनी, मन्हा मान?"

"इचार चाली ऱ्हायना, भाऊ," ती गोड हसली. "धीर धरा."

आणि ताट पुढे गेलं.