सहीवर चढलेली ओळ

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा नळ होते, पण नळाला पाणी नव्हतं. परळच्या चाळीतली एक खोली सोडून आम्ही दोन खोल्यांच्या आशेने तिथे गेलो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बोअरिंगच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, म्हणून एक दिवसाआड टँकर यायचा. टँकर आला की मारामारी ठरलेली. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांचं डोकं एकदा कळशीने फुटलं आणि त्याच कळशीत त्या बाईने मग पाणी भरलं, हे मी गॅलरीतून पाहिलेलं आहे.

तळमजल्यावर रत्नागिरीकडचे एक फिटर राहायचे. शिडशिडीत, कमी बोलणारे. त्यांनीच कंटाळून प्रत्येक ड्रमवर खडूने नंबर टाकायला सुरुवात केली. महिनाभर रांग नीट चालली. पण टँकरवर पाइप धरायला येणारा माणूस आडदांड होता आणि त्याला ती रांग मान्य नव्हती. मर्जीतल्यांच्या ड्रममध्ये तो आधी पाइप सोडायचा. एका मंगळवारी सकाळी फिटरांनी त्याच्या हातातून पाइप काढून घेतला. तो केबिनकडे गेला, सीटखालून नारळ सोलायचा कोयता काढला आणि परत आला.

मी तेव्हा वर दाढी करत होतो. खालचा गलका एकदम थांबला आणि नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, म्हणून मी वाकून पाहिलं. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून खाली धावलो. मारणारा मिठागरांच्या दिशेने पळून गेला होता. फिटर ड्रमला टेकून बसले होते. मान आणि खांदा यांच्यामध्ये इतकं खोल उघडलं होतं की आतलं पांढरं दिसत होतं. त्यांची बायको दोन्ही हातांनी ते दाबून धरत होती आणि तिच्या बोटांमधून रक्त उसळत होतं. पाइप जमिनीवर तसाच वाहत होता. त्या पाण्याबरोबर रक्त गटारापर्यंत गेलं. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. तरी ती हात काढेना. शेवटी मी आणि एका शेजाऱ्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

मारणाऱ्याला चौथ्या दिवशी पकडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार माझ्या दारात आला.

"तुम्ही सरकारी नोकरीत आहात ना? पंच म्हणून या. अर्ध्या तासाचं काम आहे."

पंच म्हणजे पोलिसांनी जे शोधून काढलं ते आपल्यासमोर काढलं, असं पुढे कोर्टात सांगणारा माणूस. मला तेव्हा ते मोठ्या जबाबदारीचं वाटलं. पोलीस ठाण्यात मारणारा भिंतीला पाठ लावून बसला होता. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. माझ्यासमोरच एका शिपायाने त्याच्या घोट्यावर पट्ट्याचं बक्कल मारलं आणि म्हणाला, "साहेबांना सांग, कोयता कुठे ठेवलाय." त्याने सांगितलं, मिठागराच्या बांधात.

जीप तयार होती. निघता निघता फौजदाराने तीन कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. "इथे खाली सह्या करून ठेवा. तिथे उन्हात, चिखलात कुठे लिहीत बसणार. मजकूर आल्यावर भरतो." मी सह्या केल्या. माझ्याबरोबर बोलावलेल्या दुसऱ्या पंचानेही केल्या.

पुढचं सगळं खरं आहे. तो लंगडत आमच्या पुढे चालला. बांधावर एका ठिकाणी थांबला, स्वतः खाली बसला आणि बेड्या घातलेल्या हातांनी चिखल उकरला. कोयता निघाला. खाऱ्या चिखलाने पात्याला गंज धरायला लागला होता आणि मुठीच्या दोऱ्यात काळं काहीतरी सुकलेलं होतं. फौजदाराने तो वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीने बांधला. सील करायला लाख हवी होती, ती ठाण्यातच राहिली होती. "जाऊन लावू," तो म्हणाला. लावली की नाही, मला कधी कळलं नाही.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. तोपर्यंत टँकरचा ड्रायव्हर फिरला होता. त्याने कोर्टात सांगितलं, मी चहा प्यायला गेलो होतो. रांगेतल्या दोन बायका बिऱ्हाड हलवून गेल्या होत्या. एकीचा पत्ता लागला नाही, दुसरी म्हणाली, तोंड नीट दिसलं नाही. फिटरांच्या बायकोने सगळं सांगितलं, पण पोलिसांनी तिचा जबाब पाच दिवसांनी लिहून घेतला होता. आरोपीच्या वकिलाने तिला विचारलं, पाच दिवस तुम्ही गप्प का होतात? ती म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही." वकील म्हणाला, म्हणजे पाच दिवसांत कोणीतरी शिकवलं.

दुसऱ्या पंचाला सरकारी पक्षाने बोलावलंच नाही. म्हणजे उरलो मी आणि तो कोयता.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "सह्या बांधावरच केल्या म्हणायचं. बाकी घडलं तसं सांगा." मी मान हलवली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. कोयता माझ्यासमोरच निघाला होता.

आरोपीचा वकील वयस्कर होता, आवाज अगदी हळू. त्याने पंचनामा माझ्या हातात दिला.

"ही सही तुमची?"

"हो."

"बांधावर, पंचनामा लिहून झाल्यावर केलीत?"

"हो."

"नीट बघा. मजकुराची शेवटची ओळ तुमच्या सहीवर चढली आहे. सहीतल्या वेलांटीवरून निळी शाई गेली आहे. दिसतंय?"

दिसत होतं. लिहिणाऱ्याला जागा पुरली नव्हती आणि त्याने शेवटचं वाक्य माझ्या नावावरून ओढलं होतं.

"मग आधी सही झाली की आधी मजकूर?"

खोटं बोलायची तयारी होती, पण इतक्या जवळून नाही. मी म्हणालो, "सही."

"कुठे?"

"पोलीस ठाण्यात. निघायच्या आधी."

"म्हणजे कोऱ्या कागदावर."

"पण कोयता माझ्यासमोर निघाला. त्याने स्वतः काढून दिला," मी म्हणालो.

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

महिन्याभराने निकाल लागला. पंचनामा विश्वासार्ह नाही, हत्याराला सील नाही, प्रत्यक्षदर्शीचा जबाब उशिरा, म्हणून संशयाचा फायदा. दहा मिनिटांत वाचून झालं. बाहेर आल्यावर फिटरांचा धाकटा भाऊ सरळ माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या कानाखाली मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली तेव्हा ओठ दातांत सापडून फाटला. आमच्याच बिल्डिंगची पाच-सहा माणसं उभी होती. कोणी त्याला धरलं नाही.

"हरिश्चंद्र झालास?" तो म्हणाला. "खुनी सुटला तुझ्यामुळे."

मलाही तसंच वाटत होतं. बिल्डिंगमध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं. बायको पाणी भरायला गेली की तिचा ड्रम मागे ढकलायचे. दुकानदारही सुट्टे पैसे गल्ल्यावर टाकून दुसरीकडे बघायचा. मला कोणाचा राग येत होता ते सांगता येणार नाही. फौजदाराचा, त्या हळू बोलणाऱ्या वकिलाचा, माझ्या स्वतःच्या हाताचा. ऑफिसात मी कागदांवर इतक्या जोराने सही करायला लागलो की निब मोडायची.

निकालानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी तो सुटलेला माणूस परत आला. एकटा आला असता तर कदाचित काही झालं नसतं. दोस्तांनी त्याला उघड्या जीपमधून आणलं, कपाळाला गुलाल होता, गळ्यात हार होता, आणि आमच्या गेटसमोर त्यांनी फटाक्यांची माळ लावली. फिटरांची बायको तळमजल्यावरच्या खिडकीत होती. तिने खिडकी लावून घेतली, एवढंच मी पाहिलं.

पहिला दगड कोणी मारला माहीत नाही. काच फुटली, दोस्त पळाले आणि जीप मागे घेताना गटारात अडकली. त्याला हाराला धरून खाली ओढलं. त्या हाराचा दोरा तुटेना, त्यानेच त्याला फरफटत रस्त्याच्या मध्ये आणलं. आमचेच लोक होते. एक बँकेत होता, एक शाळेत शिकवायचा. भाऊ पाइपाचा तुकडा घेऊन त्याच्या बरगड्यांवर मारत होता आणि प्रत्येक फटक्याला तोच श्वास सोडत होता, जणू त्यालाच लागतंय. समोरच्या बांधकामावर परांचीचे बांबू होते. त्यातला एक माझ्या हातात कसा आला, हे मी नंतर पोलिसांना सांगू शकलो नाही, आज मात्र सांगतो. मी चालत गेलो, बांधलेली सुतळी सोडली, बांबू निवडला आणि चालत परत आलो.

तो कुशीवर पडला होता. एक डोळा बंद झाला होता, त्या जागी नुसता मांसाचा गोळा दिसत होता. दुसऱ्या डोळ्याने त्याने मला ओळखलं.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही तर खरं बोललात."

मी त्याच्या गुडघ्यावर मारलं. पहिल्या फटक्याला तो ओरडला. दुसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला, ओलं लाकूड मोडतं तसा, आणि बांबूतून त्याचा हादरा माझ्या कोपरापर्यंत आला. तिसरा मी का मारला? पाय आधीच नको तिथून वळला होता. मला थांबायचं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालं, "मार."

तो वाचला. डोळा गेला, पाय गुडघ्यावरून कापावा लागला. आम्हा तेरा जणांना अटक झाली. कोठडीत भाऊ माझ्या शेजारी बसला. त्याने माझ्याशी समेट केला होता, स्वतःच्या वाटणीची चादर मला दिली. चार दिवस आत काढले आणि नोकरीतून निलंबित झालो.

जामिनावर सुटल्यावर मी फिटरांच्या बायकोकडे गेलो. तिला बरं वाटलं असेल अशी माझी समजूत होती. ती दारातच उभी राहिली.

"वहिनी, निदान एवढं तरी झालं," मी म्हणालो.

"कोणासाठी केलंत?"

"तुमच्यासाठीच."

"मला विचारलं होतंत?" ती म्हणाली. "माझ्या मुलीने खिडकीच्या फटीतून सगळं पाहिलं. आधी बापाला तसं पाहिलं, आता हे. तेव्हापासून तिच्या पोटात अन्न ठरत नाहीये. तुम्ही लोकांनी माझ्या दारात दुसऱ्यांदा रक्त सांडलंत. जा आता."

शाळेचं पुढचं वर्ष सुरू होण्याआधीच ती मुलीला घेऊन गावाला निघून गेली.

आमचा खटला नव्वदचं दशक संपता संपता लागला. आम्ही चांगला वकील केला होता. त्याने कागद उलटेसुलटे पाहिले आणि हसला. पोलिसांनी ओळख परेड घेतलीच नव्हती. जमावात कोणी काय केलं, हे फिर्यादीत एका ओळीतही लिहिलं नव्हतं. मार खाल्लेल्यानेही साक्षीत कोणाचं नाव घेतलं नाही. जप्त केलेल्या बांबूंचा पंच आणखी चार खटल्यांमध्ये त्याच ठाण्याचा पंच होता. वकिलाने उलटतपासणीत त्या पंचाला विचारलं, सह्या कुठे केल्या? तो माझ्याच वयाचा, गोंधळलेला माणूस होता. मी पिंजऱ्यातून त्याच्याकडे पाहत होतो आणि मनात देवाचं नाव घेत होतो, की याने खरं सांगावं. त्याने सांगितलं. त्या क्षणी मला जे हायसं वाटलं, त्याची मला अजून लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

तेराही जण निर्दोष. न्यायाधीशांनी वाचलं, संशयाचा फायदा.

व्हरांड्यात पेढे वाटले गेले. भाऊ प्रत्येकाला मिठी मारत होता. बाकावर आमचा मार खाल्लेला तो बसला होता, कुबड्या मांडीवर आडव्या, गेलेल्या डोळ्याच्या खोबणीवर पापणी शिवलेली. शेजारी त्याची आई होती. खेड्यातली, वाकलेली बाई. तिला निकालाची भाषा कळली नसावी. मी समोरून जात होतो, माझा शर्ट इस्त्रीचा होता, म्हणून तिला मी कोर्टातलाच कोणी वाटलो असेन.

"साहेब," तिने विचारलं, "म्हणजे याला कोणी मारलंच नाही का?"

तो खाली बघत होता.

"मारलं, आई," मी म्हणालो.

"कोणी?"

"आम्ही सगळ्यांनी. पाय माझ्या हातून मोडला."

मला वाटलं, ती थुंकेल किंवा मारेल. मी तिथेच उभा राहिलो.

"मग आत जाऊन सांगा ना तसं," ती म्हणाली. "अजून बसलेत ते आत."

दार उघडं होतं. आत पुढच्या खटल्याचा पुकारा चालू झाला होता. मला नोकरीवर परत घेण्याची ऑर्डर त्या निकालाच्या नकलेवर अवलंबून होती, घरी दोन मुलं होती. मी म्हणालो, "आता उपयोग नाही, आई. निकाल लागला." आणि जिना उतरलो. तीन महिन्यांनी कामावर रुजू झालो. खारीजवळचं घर विकून आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कला राहायला आलो. इथे माझ्या शेजाऱ्यांना मी शांत माणूस वाटतो.