तीन तपकिरी गोळ्या

दाजी आक्काला मारायला लागले की मी पुस्तक उघडायचो. हे लिहायला आजही जड जातं, पण तसंच व्हायचं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे माझी चटई, ट्रंक आणि विज्ञानाची पुस्तकं. पलीकडे माझ्या बहिणीच्या पाठीवर बसणाऱ्या धोट्याचा आवाज. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, हातभर लांबीचा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. दाजी सोलापुरातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. एक फुटका धोटा त्यांनी घरी आणून कोनाड्यात ठेवला होता. घरात त्याचं दुसरं काही काम नव्हतं.

मी माढ्याकडच्या एका वाडीतून आलेलो. आमची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. कॉलेजची पायरी चढलेला घराण्यातला मी पहिलाच. निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "दाजीच्या घरचं अन्न हाय. उलटून बोलू नगंस." मी बोलत नव्हतो. आवाज थांबला की आक्का पडदा सारून यायची, माझ्यासमोर भाकरी ठेवायची आणि म्हणायची, "आब्यास कर रं तू. तुज्यापायी तरी कायतरी व्हऊ दे."

आक्काला तीन मुली. चौथ्या खेपेला मुलगा झाला, तो मेलेला. त्या दिवशी दवाखान्यात तिचं रक्त थांबेना. खाटेखालची बादली मी दोनदा ओतून आलो. दुसऱ्यांदा ओतताना माझ्या पायांवर सांडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत लाल होतं. त्या दाजींना म्हणाल्या, "या वेळी वाचली. पुन्हा दिवस राहिले तर नाही वाचायची. हिचं ऑपरेशन करा, नाहीतर तुमचं."

दाजी दवाखान्याच्या बाहेर आले, तंबाखू थुंकले आणि म्हणाले, "मला खच्ची कराय निगालीय बया. पोरगा झाल्याबगर कुनाचंच ऑपरेशन न्हाय."

दीड महिन्यानं आक्का मला हळूच म्हणाली, "न्हाय म्हनलं की धोटा काडतोय. व्हय म्हनलं की मरन हाय. मी काय करू सांग की."

 दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी लाल त्रिकोणाची पाटी लावलेल्या कुटुंब नियोजन केंद्रासमोर पाऊण तास उभा राहिलो. आत बायकाच बायका होत्या. शेवटी तिथल्या नर्सबाईच बाहेर आल्या. अक्कलकोटकडच्या होत्या, बोलण्याला कानडी हेल. "काय रे, कधीपासून उभा आहेस? लग्न ठरलंय का तुझं?" बायका खो खो हसल्या. मी मान खाली घालून आक्काचं सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "तिला घेऊन ये."

भाजी आणायच्या निमित्तानं आक्काला नेलं. नर्सबाईंनी तिला तपासून गोळ्यांचं पाकीट दिलं. अठ्ठावीस गोळ्या. आधी एकवीस पांढऱ्या, मग सात तपकिरी. "रोज एक. ओळीनं. खाडा करायचा नाही," एवढं सांगून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

पाकीट ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. स्वयंपाकघरात दाजींची आई. मी तिला मावशी म्हणायचो. डब्यात शेंगाची चटणी किती उरली हेही तिला डबा नुसता उचलून कळायचं. म्हणून पाकीट माझ्या ट्रंकेत, प्राणिशास्त्राच्या वहीखाली गेलं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी एक गोळी शाईच्या दौतीखाली ठेवायचो. आक्का माझ्याकडचा केर काढायला यायची आणि गोळी घेऊन जायची. दोघंही त्यावर कधी अक्षर बोललो नाही. भाऊ-बहिणीत बोलायची ती गोष्टच नव्हती.

एकवीस पांढऱ्या संपल्या, चार तपकिरी संपल्या आणि आक्का बाजूला बसली. न्हाणीजवळच्या बोळात गोणपाट टाकून चार दिवस तिथंच. मावशी वरून भाकरी टाकायची, वरून पाणी ओतायची. देवाला शिवायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, माझ्या पुस्तकांना तर मुळीच नाही. गोळ्या पुस्तकांत होत्या. शिवाय त्या दिवसांत तिच्याजवळ जाऊन गोळी द्यायची म्हणजे तिला काय झालंय हे मला माहीत आहे, असं कबूल करणं. माझी छाती झाली नाही. दिवा, स्वयंपाक, केर, तिचं रोजचं सगळंच चार दिवस थांबायचं, तशी गोळीही थांबली. पाचव्या दिवशी ती न्हाली. मग मी उरलेल्या तीन तपकिरी एकेक करून दिल्या आणि त्यानंतर नवं पाकीट फोडलं. एकही गोळी वाया गेली नाही याचं मला समाधान वाटलं होतं.

दुसऱ्या पाकिटालाही तसंच झालं. चार तपकिरी झाल्या आणि आक्का बोळात जाऊन बसली. ती बसल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मी तिसरं पाकीट आणायला गेलो. नर्सबाईंनी वही काढली, बोटांवर दिवस मोजले आणि माझ्याकडे बघितलं.

"पहिलं पाकीट बत्तीस दिवस कसं पुरलं रे?"

मी चाचरत सांगितलं. त्यांनी वही इतक्या जोरात आपटली की बाकावरचं लेकरू रडायला लागलं.

"चार दिवस बंद? कुणी सांगितलं तुला? अय्यो, कॉलेजात काय शिकतोस तू?"

आम्ही बेडूक कापत होतो. त्याच आठवड्यात एका मादीचं पोट मी उभं चिरलं होतं. आत काळ्या अंड्यांचे घोस होते आणि मी त्यांची सुबक आकृती काढून शेरा मिळवला होता. बाईच्या पोटातलं अंडं कधी सुटतं, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

नर्सबाईंनी मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, "नीट ऐक. पांढरी गोळी अंडं सुटू देत नाही. ज्या दिवशी नवरा जवळ येतो त्या दिवसापुरती ती नसते. महिनाभराची राखण असते ती. तपकिरी गोळीत नुसतं लोह आहे, रक्तासाठी. ते सात दिवस राखणदाराची सुट्टी. एकवीस दिवस नीट राखण झाली असेल तर त्या सात दिवसांतही धोका नाही. पण आठव्या दिवशी तो कामावर आलाच पाहिजे. अंगावरून जात असो नसो, बाजूला बसलेली असो नसो. तुम्ही त्याला अकरा दिवस घरी बसवलात. तेवढ्यात अंडं सुटायला लागलं असतं, म्हणजे ती न्हाऊन नवऱ्याजवळ जाणार त्याच दिवसांत."

मी बोटांवर मोजलं. पांढऱ्या संपून आज आठवा दिवस होता.

"मागच्या खेपेला नशीब," त्या म्हणाल्या. "आज नवीन पांढरी तिच्या पोटात गेली पाहिजे. उरलेल्या तपकिरी फेकून दे."

मी धावतच निघालो. पाकीट पँटच्या खिशात होतं, पांढरी गोळी मुठीत. घरी पोचलो तर दाजी पहिल्या पाळीवरून आलेले, उंबऱ्यावर चहा पीत बसलेले. मावशी ज्वारी निवडत होती. आक्का बोळात गोणपाटावर, गुडघ्यांत मान घालून.

संध्याकाळी दाजी बाहेर जाईपर्यंत थांबायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण माझ्या डोक्यात फक्त ती बादली होती. मी बोळाच्या तोंडाशी गेलो आणि पुटपुटलो, "आक्का, हात कर. आत्ताच घे. बंद ठेवायची नव्हती, आपलं चुकलं." तिनं घाबरून ओंजळ पुढं केली. भाकरी टाकतात तशी मी गोळी वरून टाकली. नेम चुकला. गोळी फरशीवर पडून घरंगळली. मी ती उचलली आणि आक्काच्या तळहातावर दाबून बसवली. तिनं ती लगेच तोंडात टाकली.

"शिवला! आरं शिवला की त्यो!" मावशी सूप टाकून उठली. "देवाचं घर हाय ह्ये, मुडद्या!"

दाजी आत आले. "काय दिलंस?"

"तिचं डोकं दुखतंय, दाजी."

"डोक्याची गोळी द्याय तिला शिवलास? कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय रं?" मावशी ओरडली.

दाजींनी आक्काचे केस धरून तिला उभं केलं. "थुक." तिनं तोंड मिटून घेतलं. त्यांनी जबड्यावर बुक्की मारली. ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त आलं, पण तोंड उघडलं नाही. मग त्यांनी दोन बोटं तिच्या तोंडात घातली. विटाळ वगैरे कुणाला आठवला नाही. आक्का कचकन चावली. दाजी गुरासारखे ओरडले आणि त्यांनी कोनाड्यातला धोटा काढला.

मी मधे पडलो. आयुष्यात पहिल्यांदा. शूरपणा म्हणावा तर तसं नव्हतं. मी "दाजी, नका, दाजी, नका" एवढंच म्हणत होतो. लोखंडी टोक भुवईवर बसलं. एक डोळा रक्तानं भरला आणि दुसऱ्या डोळ्यानं मला आक्काचा गळा दिसला. तो एकदा खाली-वर हलला. तिनं गिळलं होतं.

पोरी कोपऱ्यात एकमेकींना बिलगून किंचाळत होत्या. शेजारची तेलुगू बोलणारी विणकर मंडळी दारात गोळा झाली, बघत राहिली. दाजींनी माझी ट्रंक उपडी केली. वहीखालचं जुनं पाकीट निघालं, त्यात तीन तपकिरी गोळ्या. ते काय आहे हे त्यांना वाचता आलं नाही, पण कळलं.

"माजा वंश बुडवाय निगालाईस व्हय?" त्यांनी पाकीट चुलीत टाकलं. वर माझी वही टाकली. "पावनं, उचला ट्रंक. पुन्ना हितं दिसलास तर तंगडी मोडीन."

कागद भपकन पेटला. जळालं ते नुसतं लोह होतं. नवं पाकीट माझ्या खिशात होतं.

भुवईला टाके घालून मी वर्गातल्या एका मित्राच्या खोलीवर पडलो आणि उजाडताच गल्लीच्या नळावर गेलो. पाचवा दिवस, म्हणजे आक्का गोणपाट धुवायला येणार हे ठाऊक होतं. ती आली. जबडा सुजून एका बाजूला गेला होता.

"गिळलीस ना?"

"गिळली की. त्येचं बोट बी गिळलं आसतं." ती हसायला गेली आणि ओठ पुन्हा उलला. पदरानं टिपत म्हणाली, "तुजा डोळा दाव." माझी भुवई बघून मात्र ती रडली.

मी नर्सबाईंचं सगळं तिला सांगितलं. या वेळी मान वर करून सांगितलं, अंडं, अंगावरून जाणं, सगळे शब्द उच्चारून. राखणदाराची गोष्ट तिला लगेच पटली. "म्हंजी आट्व्या दिशी पांडरी, काय बी झालं तरी. बाजूला बसले तरी."

"व्हय."

"आन ठिवू कुटं? तुजी ट्रंक तर गेली."

 तिनं हातातल्या ओल्या गोणपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बोळात मोरीमागं ते बारा महिने गुंडाळून उभं असायचं. मावशी त्याला काठीनंसुद्धा सरकवत नसे. दाजी त्या बाजूनं जाताना अंग चोरून जात.

"आंगुळीच्या आदी घीन रोज," आक्का म्हणाली. "शिवलं तरी लगीच न्हाया मिळतंय."

मी खिशातून काढून दिलेलं पाकीट तिनं चोळीत खोचलं. गोणपाट वाळलं की त्याच्या घडीला आतून टाके घालून खिसा करणार होती. जाताना म्हणाली, "तू घरला येऊ नगंस. फुडलं पाकीट भाजीला गेले की मीच आनीन. महिन्यानं गल्लीतनं चक्कर मार. मी बाजूला बसलेली दिसले तर समज."

महिना भरत आला तसा, पांढऱ्या संपून पाचव्या दिवशी, मी गेलो. पहिल्या दिवशी बोळ रिकामा होता. दुसऱ्या दिवशीही. मित्राच्या खोलीवर मला जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर खाटेखालची ती बादली. तिसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून गेलो. दार उघडं होतं. मावशी बोळाच्या तोंडाशी उभी राहून वरून भाकरी टाकत होती. खाली गोणपाटावर आक्का बसलेली. डाव्या डोळ्याखाली नवं काळंनिळं होतं. मारणं काही थांबलं नव्हतं.

मावशी वळून आत गेली. आक्कानं मला बघितलं. भाकरी मांडीवर ठेवून तिनं गोणपाटाच्या घडीवर तळहात सपाट ठेवला, लेकराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.