दोरीपलीकडचा पेत्र

आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि शनिवारी गळ्यात बिल्ला अडकवून चारशे वर्षांपूर्वीची चित्रं दाखवत फिरायचं, हा उद्योग मी सहा वर्षं फुकट करते आहे. मेलबर्नच्या या जुन्या चर्चमधली इटालियन चित्रं कुणा बिशपने बोटीतून आणली म्हणतात. टूर पंचेचाळीस मिनिटांची. माणसं दर वेळी नवी, विनोद मात्र तेच. हल्ली पाय भरून येतात आणि माझेच विनोद मला ऐकवत नाहीत. तरी सोडवत नाही. लॅबमध्ये मी कुणाला दिसत नाही. इथे वीस माणसं मी हात करेन तिकडे बघतात.

गेल्या महिन्यात आई वसईहून आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. "तुझं देऊळ दाखव," म्हणाली. वसईत आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. मी तिला बजावलं, सगळ्यांच्या मागे राहा, कशाला हात लावू नकोस. फ्लॅश मारणाऱ्या एका पाहुण्याला वेळीच अडवलं नाही म्हणून मला एकदा ताकीद मिळाली होती. आणखी एक चूक झाली की बिल्ला गेला.

शेवटचं चित्र रडणाऱ्या संत पेत्राचं. त्याच्या चेहऱ्यावरच्या उजेडाबद्दल मी घडाघडा बोलत होते, तेवढ्यात आई चित्रापुढची दोरी ओलांडून पुढे गेली. बाबा मासेमार, पेत्रही मासेमार. घरातल्या त्याच्या तसबिरीला हात लावल्याशिवाय बाबांनी कधी होडी काढली नाही. आईने चित्रातल्या जोडलेल्या हातांना बोटं लावली आणि ती ओठांना टेकवली. अलार्म वाजला.

"मॅम, प्लीज स्टेप बॅक," मी म्हणाले. माझ्या आईला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि परक्या बाईसारखी मुकाट्याने मागे सरली. सुपरवायझर धावत आली. "डू यू नो हर?"

"नो."

"नो वरीज," म्हणत तिने आईला दंडाला धरून शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

मला टूर पुरी करणं भाग होतं. येशूला पकडून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी लोक त्याच्या शिष्याला, पेत्राला विचारतात, तू त्या येशूबरोबरचा ना? तो म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हणतो. मग कोंबडा आरवतो आणि पेत्र रडू लागतो. सहा वर्षं ते 'ओळखत नाही' मी घड्याळाकडे बघत उरकलं. त्या दुपारी ते मी शेवटच्या बाकाकडे न बघता म्हटलं.

लोक गेल्यावर सुपरवायझरने घडल्या प्रकाराचा फॉर्म पुढे केला. पाहुणी ओळखीची होती का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. बिल्ला वाचला. मला स्वतःची शिसारी आली.

घरी जाताना क्रेगीबर्नच्या ट्रेनमध्ये आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"छान बोलतेस," ती शेवटी म्हणाली. "इंग्लिश फारसं नाही कळत मला, पण पेत्राची गोष्ट पाठ आहे. तू अर्धीच सांगतेस. पुढे प्रभू त्याला माफ करतो, ते कुठे सांगितलंस?"

"पंचेचाळीस मिनिटांत बसत नाही गं."

"मग उजेडाचं जरा कमी कर," आई म्हणाली.